‘सिस्टम घेत नाही’ हे जरा लेखी द्या : बडोद्यातल्या शाखाधिकाऱ्यांना आणि खातेप्रमुखांना खुले पत्र

स. न. वि. वि.

हे पत्र बडोदे शहरातल्या बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना, पेन्शन आणि विम्याच्या कचेऱ्यांच्या प्रमुखांना, आणि ज्यांच्या काउंटरवर रोज माणसे कागदांची पिशवी घेऊन उभी राहतात त्या सगळ्या खातेप्रमुखांना आहे. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. काउंटरच्या आतल्या बाजूला हयात गेली, आता बाहेरच्या बाजूला उभा असतो.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. एखाद्याला ‘सिस्टम घेत नाही’ म्हणून परत पाठवायचे असेल तर ते लेखी द्या. काय घेत नाही, कोणत्या नियमाने घेत नाही, तारीख, आणि खाली नाव, हुद्दा, सही. एवढेच.

माझ्या वयाच्या माणसाने संगणकाबद्दल पत्र लिहिले की वाचणारा मनात म्हणतो, आले आजोबा, आता लेजरच्या, म्हणजे जाडजूड खातेवह्यांच्या, आठवणी काढणार. काढणारच आहे, पण रडायला नाही. ज्यांनी ती लेजरे उचलली आहेत त्यांना त्यांचा उमाळा येत नाही. ३० जून आणि ३१ डिसेंबरचे क्लोजिंग म्हणजे काय असे, ते आजच्या प्रोबेशनरला सांगून खरे वाटणार नाही. बचत खात्याच्या हरेक पानावर हाताने व्याज काढायचे, पानांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची, आणि ती कधीच पहिल्या झटक्यात जुळायची नाही. मग ‘डिफरन्स’ शोधत बसायचे. फरक नऊने भागला जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत, चौपन्नच्या जागी पंचेचाळीस. दोनाने भागला जात असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे बाजूला (डेबिटला) पडलेली असू शकते. हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते, शेजारच्या टेबलावरचे सीनियर शिकवत. रात्री अकराला तो फरक सापडला की सबंध शाखेत जी आरोळी उठे ती आता क्रिकेटच्या मॅचलाही उठत नाही. पण त्या आरोळीपायी माणसांच्या डोळ्यांचे आणि संसाराचे काय झाले तेही मी पाहिले आहे. ते काम यंत्राने घेतले, बरे झाले.

ग्राहकाचाही फायदा झाला, आणि तो मोजता येण्याजोगा आहे. पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळे. लाखभर रुपये पंचवीस तारखेपर्यंत पडून असले आणि सव्वीसला पंचाण्णव हजार काढले, तर सबंध महिन्याचे व्याज उरलेल्या पाच हजारांवर. हा नियम लबाडीचा होता असे म्हणणार नाही, हाताने रोजच्या शिलकीवर व्याज काढणे अशक्यच होते. शाखा संगणकावर आल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावले. देशातल्या प्रत्येक बचत खातेदाराला संगणकाने दिलेली ही भेट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आम्ही विरोध केला होता, हेही खरे. संगणक आला की कारकून रस्त्यावर येणार ही भीती तेव्हा हवेतच होती. त्याआधीही स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल १९७२ सालचा. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि बँकांच्या असोसिएशनमध्ये करार झाला, पुढच्या वर्षी बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांतून यंत्रे दिसू लागली. त्यांना संगणक म्हणायचे नाही! ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ असे लांबलचक नाव. संघटनेच्या सभेत आम्ही त्या यंत्राविरुद्ध घोषणा द्यायचो आणि सभा संपल्यावर ते कसे चालते ते बघायला गर्दी करायचो.

भीती वेगळ्याच ठिकाणी खरी ठरली. कारकुनाची खुर्ची राहिली, त्या खुर्चीची मुखत्यारी गेली. लेजरात प्रत्येक नोंदीपुढे पास करणाऱ्या अधिकाऱ्याचे आद्याक्षर असे. दोन अक्षरांचे ते गिचमिड, पण त्याचा अर्थ असा की हे मी पाहिले, चुकले तर मला विचारा. आज खाते उघडायचा फॉर्म शाखेत भरतात आणि तो मंजूर करणारा बसतो दुसऱ्याच शहरातल्या बॅक ऑफिसात. त्याला ग्राहक दिसत नाही, ग्राहकाला तो दिसत नाही, आणि मधल्या मुलाला दोघांचेही बोलणे खावे लागते.

आता ज्यावरून हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, एक काकू आहेत, ऐंशी ओलांडलेल्या. यजमान गेले, कौटुंबिक पेन्शन सुरू करायची होती. जुन्या मराठी घरांतल्या कितीतरी बायकांप्रमाणे त्यांना दोन नावे आहेत, माहेरचे वेगळे आणि लग्नात तांदळात लिहिलेले वेगळे. शाळेच्या दाखल्यावर पहिले, पासबुकात दुसरे. आधार काढताना नातवाने तिसरीच तऱ्हा केली, दुसरे नाव घातले पण आडनाव शेवटी; यजमानांच्या ऑफिसच्या कागदांत मात्र गुजराती पद्धतीने आडनाव आधी. त्यात यजमानांचे नाव दत्तात्रय, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगला एका कागदात शेवटी ‘ए’ आहे आणि एका कागदात नाही. काउंटरवरचा मुलगा अगदी सालस. म्हणाला, “काकी, हुं शुं करुं? सिस्टम लेती नथी.” काकू आत साहेबांकडे गेल्या. साहेब यजमानांना चांगले ओळखत होते, अंत्ययात्रेलाही आले होते. तेही म्हणाले, मला सगळे समजते हो, पण सिस्टम घेत नाही.

हे मला पटले नाही. समोर बसलेली बाई तीच आहे हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते, आणि ते म्हणण्याचा अधिकार एकालाही नव्हता. किंवा अधिकार होता आणि वापरायची कुणाची तयारी नव्हती. यांतले नेमके काय, तेच बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. लेखी द्या म्हणतो ते याचसाठी.

नावे न जुळणे हा म्हाताऱ्यांचा हलगर्जीपणा आहे असे काही तरुण अधिकाऱ्यांना वाटते. त्यांना एवढेच विचारतो, या शहराचे नाव तरी कुठे जुळते? सरकारदप्तरी १९७४ पासून वडोदरा. १९०८ साली इथे मांडवीत सुरू झालेली बँक अजून बरोडा, सयाजीराव महाराजांच्या नावाचे विद्यापीठही बरोड्याचेच, रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड बीआरसी, आणि आम्ही मराठी माणसे पत्रावर लिहिणार बडोदे. ज्या घराण्याने हे शहर वाढवले, त्याचे आडनाव इंग्रजीत गायकवाड, गायकवार, गेकवाड असे निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिले गेले आहे. सयाजीराव महाराज आज एखाद्या शाखेत केवायसी करायला आले असते तर त्यांनाही अॅफिडेव्हिट करून आणायला सांगितले असते.

केवायसीचा नियम या बाबतीत इतका आंधळाही नाही. ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदलले असेल तर विवाहाचा सरकारी दाखला किंवा राजपत्रातली सूचना जोडून ते ओळखपत्र चालते, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच आहे. अडचण अशी की साठ वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बाईकडे विवाह नोंदणीचा दाखला कुठला? लग्नपत्रिका असेल, मंगलाष्टकांना हजर असलेले एखाद-दोन म्हातारे असतील. इथेच माणसाच्या निर्णयाला जागा हवी. नियम करणाऱ्याने सगळी लग्ने पाहिलेली नसतात.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला मी हे बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, तुला तो जुना काळ परत हवा का, जेव्हा कारकून ओळखीच्याचे काम आधी करायचा आणि घरकाम करणाऱ्या बाईला उद्या ये म्हणायचा? त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते मी टाळणार नाही. माणसाच्या हातातली मुखत्यारी सगळ्यांवर सारखी मेहेरबान नव्हती. दांडिया बाजारातल्या वकिलाला खुर्ची मिळे, वाडीतल्या गाडीवाल्याला नाही. अंगठा उठवणाऱ्याशी कसे बोलत असत ते मी या कानांनी ऐकले आहे. रेल्वेच्या रिझर्वेशनचेही तसेच, संगणक आल्यावर कुठल्याही खिडकीवरून कुठल्याही गाडीचे तिकीट मिळू लागले आणि ‘आतल्या माणसाला’ ओळखण्याची किंमत उतरली. यंत्राला जात दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. ही त्याची थोर गोष्ट. पण त्याला काकूही दिसत नाहीत. म्हणून मी जुनी, तोंडी, मर्जीची मुखत्यारी परत मागत नाही. अधिकाऱ्याने स्वतः ओळख पटवली, कशावरून पटवली, हे त्याच संगणकात त्याच्या कर्मचारी क्रमांकासह नोंदले जावे, असे मागतो. मर्जीने केले असेल तर ऑडिटमध्ये सापडेल.

इथे एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली नसेल, निदान नोकरीत असताना माझ्या आली नव्हती. संगणकात झालेल्या कामाची नोंद असते. किती वाजता, कुणाच्या आयडीने, कुणी पास केले, सगळे. न झालेल्या कामाची नोंद कुठेच नसते. काकू परत गेल्या, त्या दिवशी तुमच्या सिस्टममध्ये त्यांच्या नावाने काहीही उमटले नाही. महिनाअखेरीला रिपोर्ट वर गेला, त्यात प्रलंबित प्रकरणे शून्य. मुख्य कचेरीतल्या माणसाला प्रामाणिकपणे वाटते की सगळे सुरळीत आहे, तो खोटे बोलत नसतो. परत पाठवलेली माणसे मोजायची कुणी सोयच केलेली नाही.

अशा न मोजलेल्या माणसांचे पुढे काय होऊ शकते याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले आहे. आपल्या शेजारच्या चरोतरातून तिकडे गेलेल्यांनी गावोगाव दुकाने टाकली, आणि अशा दुकानांतच तिथली लहान पोस्ट ऑफिसे चालतात. ती चालवणाऱ्यांसाठी (त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात) १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. प्रणाली हिशेबात तूट दाखवू लागली. दुकानदार म्हणे पैसे मी घेतले नाहीत, पोस्टाचे म्हणणे संगणक तसे दाखवतोय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सब-पोस्टमास्तरांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे सिद्ध झाले. त्यांत भारतीय वंशाचे कितीतरी होते. सीमा मिश्रा या बाईंना २०१० साली तुरुंगात पाठवले तेव्हा त्या गरोदर होत्या. मदतीसाठी हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना ऐकवले जाई, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. दुसऱ्या गावच्या पोस्टमास्तरालाही तेच सांगितले जात होते. २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयाने प्रणालीत खरोखरच दोष होते असा निकाल दिला, मिश्राबाईंची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली, आणि उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर काहीजण दिवाळखोर झाले होते, काहींनी जीव दिला होता.

या प्रकरणातला कायद्याचा भाग मला बँकवाला म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. संगणकाचा कागद पुरावा म्हणून दाखवायचा तर संगणक नीट चालत होता हे सिद्ध करा, अशी अट इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यात होती. २००० साली ती काढून टाकली. तेव्हापासून न्यायालय धरून चालते की यंत्र बरोबरच चालत असणार. चूक आहे म्हणणाऱ्याने ती दाखवावी. खेड्यातला पोस्टमास्तर फुजित्सूच्या प्रोग्राममधली चूक दाखवणार कशी?

आपल्याकडे त्याच सुमाराला उलट झाले. १८९१ सालचा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, म्हणजे बँकेच्या वह्यांच्या पुराव्याचा कायदा, तुम्हाला माहीत आहे, परीक्षेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा या जुन्या कायद्यात कलम २ अ घातले गेले. बँकेच्या संगणकातून काढलेला उतारा न्यायालयात द्यायचा तर शाखाधिकाऱ्याने किंवा मुख्य लेखापालाने प्रमाणपत्र द्यायचे, आणि संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसाने वेगळे प्रमाणपत्र द्यायचे की त्या काळात प्रणाली माझ्या माहितीप्रमाणे नीट चालत होती. इतर इलेक्ट्रॉनिक पुराव्यालाही तसेच प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारकच आहे असे पुन्हा सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती अट आहे.

म्हणजे आपला कायदा यंत्राच्या शब्दावर एकट्यावर विसंबत नाही. यंत्राच्या मागे कुणीतरी नाव-गाव असलेला माणूस उभा राहून म्हणाला पाहिजे की हो, हे बरोबर आहे. न्यायालयात जी सही तुम्ही मुकाट्याने देता, ती काउंटरवर मागितली की ‘तशी पद्धत नाही’ कसे?

काउंटरवरच्या मुलामुलींवर माझा राग नाही, हे त्यांच्या साहेबांनी त्यांना सांगावे. त्यांची नोकरी आमच्यापेक्षा सोपी असेल असे मला वाटत नाही. आम्ही रात्री डिफरन्स शोधायचो, पण दिवसा आम्हाला विम्याच्या पॉलिसी विकायचे टार्गेट नव्हते. समोर रांग, मागून साहेब, स्क्रीनवर गोल फिरणारे चक्र, आणि उत्तर द्यायला एकच वाक्य हाताशी. एखाद्याला दिवसभर दुसऱ्याच्या वतीने नाही म्हणायला बसवले की तो हळूहळू वर बघायचे सोडून देतो. लेखी नकाराची पद्धत पाडलीत तर सगळ्यात आधी सुटका त्यांची होईल, कारण कागदावर कारण लिहायचे म्हटले की ते कुणाला तरी विचारावे लागते, आणि विचारले की निम्म्या वेळा समजते की असा नियमच नाही. तिथेच काम होऊन जाते. हे मी अनुभवाने सांगतो. जुन्या काळीही ‘साहेब, हे फाइलवर लिहून द्या’ म्हटले की बरीच अशक्य कामे शक्य व्हायची.

नोव्हेंबर येतो आहे. हयातीच्या दाखल्यांचा महिना. २०१४ साली जीवन प्रमाण, म्हणजे बोटाचा ठसा देऊन ऑनलाइन काढायचा हयातीचा दाखला, सुरू झाले, ते चांगले आहे. परदेशी मुलाकडे गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याने मोठी सोय झाली. पण धुण्याभांड्यांनी, चुन्या-सिमेंटने झिजलेली बोटे त्या यंत्राला कळत नाहीत, हे तुम्ही दर वर्षी पाहता. म्हणूनच २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय केली, आणि कागदी दाखलाही बंद झालेला नाही. केंद्राच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तरी दर वर्षी कुठल्यातरी काउंटरवर ‘आता ऑनलाइनच’ असे ऐकू येते. असे सांगणाऱ्याने कोणत्या परिपत्रकाने ऑनलाइनच, तेवढे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

तेव्हा सुरुवात नोव्हेंबरपासूनच करा. प्रत्येक शाखेत, प्रत्येक कचेरीत एक रजिस्टर ठेवा, कागदी नाहीतर संगणकातले, मला दोन्ही चालेल. त्यात परत पाठवलेल्या प्रत्येकाचे नाव, कारण आणि कारण देणाऱ्याची सही. महिनाअखेरीच्या रिपोर्टात त्याला एक रकाना द्या. ज्याला काउंटरवरचा निर्णय फिरवता येतो, अशा एका अधिकाऱ्याचे नाव दारावर लावा, फोन नंबरासकट. आणि निर्णय खरोखरच दुसऱ्या शहरातल्या बॅक ऑफिसात होत असेल, तर तिथल्या माणसाचे नाव-हुद्दा ग्राहकाला मागितल्यावर मिळावा. यातल्या कशालाही नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

या पत्राची प्रत मी ओळखीच्या शाखांमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये स्वतः आणून देणार आहे. पोच द्यावी, तारखेची, सहीची. ‘तक्रार फक्त पोर्टलवर’ असे कुणी म्हणाले, तर तेही लिहून द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे